अटींचा कागद आणि आपली वही

वरोर हे डहाणू तालुक्यातलं किनाऱ्यावरचं गाव. दक्षिणेला चिंचणी, उत्तरेला वाढवण. गावात एकीकडे वाड्या, एकीकडे भाताची खाचरं, पुढे खाजण आणि त्याच्यापुढे समुद्र. कोणी चिकू-नारळावर जगतो, कोणी मिरची-भाजीपाल्यावर, कोणी होडीवर. घराच्या पडवीत बसून सोनाराच्या दागिन्यांचे साचे कोरणारे डायमेकिंगचे कारागीर या पट्ट्यात घराघरांत आहेत. अशा गावाच्या समोरच्या समुद्रात देशातलं एक फार मोठं बंदर उभं राहायचं आहे आणि त्या बंदराकडे जाणारा रस्ता वरोरपासून निघायचा आहे.

बंदर हवं की नको, हा या लेखाचा विषय नाही. त्यावर गावाने सभा घेतल्या, मोर्चे काढले, बंद पाळले, कोर्टाची पायरी चढली. तो गावाचा हक्क आहे. शेतीखात्यात काम करणाऱ्या माणसाला वेगळीच काळजी वाटते. प्रकल्पाला परवानगी मिळते तेव्हा सोबत अटींचा एक कागद येतो. धूळ उडता कामा नये, नाला अडता कामा नये, झाडं तोडली तर लावा, मासेमारांचं नुकसान झालं तर भरून द्या. या अटी पाळल्या गेल्या की नाही, हे उद्या ठरवणार कोण आणि कशाच्या आधारावर? या प्रश्नाचं उत्तर डहाणूकरांनी एकदा फार महाग किंमत मोजून शिकलेलं आहे. ते आता विसरून चालणार नाही.

जागा सरकारी, वापर गावाचा

शेतजमिनीला सात-बारा असतो. तिच्यावर कोण कसतो, काय पिकवतो, विहीर कुणाची, झाडं किती, हे कागदावर येतं. समुद्राला सात-बारा नाही. भरती-ओहोटीच्या मधला खडक, खाजण, खाडीचं मुख, गुरचरण, वनखात्याची जमीन हे सगळं कागदोपत्री सरकारचं. पण पिढ्यान् पिढ्या त्यावर पोट भरतं ते गावाचं. उधाणाच्या दिवसांत ओहोटी लांबवर गेली की बायका खडकावर कालवं, शिंपल्या काढायला जातात. शेवंडीची जाळी याच खडकाळ भागात टाकतात. शंखोदराचा खडक तर गावांच्या श्रद्धेचा. या वापराची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

सार्वजनिक जागेवर मोठं काम आलं की अडचण नेमकी इथे होते. खासगी जमीन घ्यायची तर मालकाला नोटीस द्यावी लागते, मोबदला ठरवावा लागतो. सरकारी जागेला मालक सरकारच, म्हणून तिथे 'बाधित कोण' हाच पहिला वाद होतो. ज्याच्या हातात कागद नाही त्याचं नुकसान मोजायला माप सापडत नाही. मग त्याच्या वाट्याला फक्त अटींचा कागद उरतो. तो कागद तरी मजबूत असला पाहिजे.

अठरा वर्षांची एक अट

आता जुनी गोष्ट ऐका. तरुण मंडळींना ती ठाऊक असेलच असं नाही.

डहाणूच्या खाडीकाठी कोळशावर चालणारं ५०० मेगावॅटचं वीज केंद्र उभारायला बीएसईएस कंपनीला केंद्राची पर्यावरण परवानगी मिळाली ती मार्च १९८९ मध्ये. बागायतदारांनी आणि पर्यावरणाच्या कार्यकर्त्यांनी विरोध केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९१ मध्ये कोर्टाने प्रकल्प थांबवला नाही. मात्र परवानगीतल्या अटी कायम राहिल्या. त्यातली एक महत्त्वाची अट होती धुरातलं गंधक काढून घेणाऱ्या यंत्रणेची. आपल्याकडे तिला एफजीडी म्हणतात.

ही यंत्रणा कशासाठी, ते थोडक्यात सांगतो. कोळशात थोडंफार गंधक असतं. कोळसा जळला की त्याचा वायू होऊन चिमणीतून बाहेर पडतो. दमट हवेत तो पाण्याशी मिळतो आणि आम्ल तयार होतं. पानांना आणि मोहराला ते बाधक. डहाणूच्या केंद्राची चिमणी पावणेतीनशे मीटर उंच आहे. उंच चिमणीमुळे वायू लांबवर पसरून विरळ होतो, पण नाहीसा होत नाही. एफजीडीत धूर समुद्राच्या पाण्याने धुतात. समुद्राचं पाणी मुळात थोडं अल्कधर्मी असल्याने ते गंधकाचा वायू शोषून घेतं. किनाऱ्यावरच्या केंद्राला पाण्याची वाण नाही, म्हणून ही पद्धत इथे सोयीची.

१९९५ मध्ये केंद्र सुरू झालं, पण यंत्रणा बसली नाही. कोळशात गंधक कमी आहे, तेव्हा गरज नाही, असं कंपनीचं म्हणणं. दरम्यान २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. उद्योगांचे लाल, नारंगी, हिरवा असे वर्ग पाडले. लाल वर्गाला तालुक्यात बंदी. ज्यांना परवानगी आहे अशा सगळ्या उद्योगांना मिळून जास्तीत जास्त ५०० एकर जागा. अधिसूचना निघाली तरी अंमल होत नाही, अशी तक्रार घेऊन पर्यावरण कार्यकर्ते बिट्टू सहगल सर्वोच्च न्यायालयात गेले. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने पाहणी करून अहवाल दिला. ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी न्यायालयाने निकाल दिला आणि त्यानुसार डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले आणि जानेवारी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ते काम पाहिलं.

या प्राधिकरणाने मे १९९९ मध्ये कंपनीला सांगितलं, सहा महिन्यांत यंत्रणा बसवा. पुन्हा कोर्ट. पुन्हा तारखा. बीएसईएस जाऊन रिलायन्स एनर्जी हे नाव आलं. २००५ मध्ये प्राधिकरणाने ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितली, तेव्हा कुठे चाकं फिरली. २००७ मध्ये यंत्रणा चालू झाली. २०१८ मध्ये केंद्र अदानी समूहाकडे गेलं.

हिशेब करा. अट १९८९ ची, अंमल २००७ चा. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. इथे अठरा वर्षं थांबावं लागलं. १९८९ मध्ये लावलेलं चिकूचं कलम तोवर ऐन भरात आलं होतं.

या गोष्टीतून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, अट लिहून मिळाली म्हणजे काम झालं असं नाही. दुसरी, तरीही अट लिहिलेली असली पाहिजे. कागदावर ती ओळ नसती तर १९९९ मध्ये प्राधिकरणाला बोट ठेवायला जागाच नव्हती.

बंदराचा कागद

वाढवण बंदराचा विषय नवा नाही. १९९७-९८ मध्ये पी अँड ओ या परदेशी कंपनीमार्फत इथे बंदर करण्याचा बेत होता. सप्टेंबर १९९८ मध्ये प्राधिकरणाने तो नामंजूर केला. १९९१ च्या अधिसूचनेत असं बंदर बसत नाही, हे त्याचं सार. विषय वीसेक वर्षं थंड राहिला.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने बंदराला तत्त्वतः मंजुरी दिली. त्याच वर्षी बंदरांच्या प्रदूषण वर्गीकरणात बदल झाला आणि जुनी अडचण बाजूला सरली. पुनर्रचना झालेल्या प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी अटी घालून ना-हरकत दिली. जानेवारी २०२४ मध्ये पालघरला जनसुनावणी झाली, फेब्रुवारीत केंद्राची पर्यावरण परवानगी आली. प्राधिकरणाच्या निर्णयाविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळल्या आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. १९ जून २०२४ रोजी मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पालघरला पायाभरणी झाली. बंदराच्या कंपनीत जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के.

कामाचा आवाका डोळ्यांपुढे आणा. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव. म्हणजे साडेतीन हजार एकरांहून जास्त. लाटा अडवायला दहा किलोमीटरहून लांब बांध. प्रत्येकी एक हजार मीटर लांबीचे नऊ कंटेनर धक्के. भरावाची वाळू दमणच्या समुद्रातून आणायची, दगड जिल्ह्यातल्या खाणींतून. जमिनीवर वरोरहून तव्याजवळ मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळणारा सुमारे ३२ किलोमीटरचा रस्ता आणि सुमारे १२ किलोमीटरचा रेल्वेमार्ग.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यातला धोका कुठे, ते बघू. बंदर समुद्रात आहे म्हणून वाडीशी संबंध नाही, असं समजू नका. दगडाची खाण आणि वाहतूक म्हणजे धूळ. उंच भरावाचा रस्ता-रेल्वे म्हणजे पावसाच्या पाण्याला आडवा बांध. मोऱ्या कमी ठेवल्या किंवा चुकीच्या जागी ठेवल्या तर वरच्या अंगाला पाणी तुंबतं. भाताला चार दिवसांचं तुंबलेलं पाणी एक वेळ सोसतं, चिकूच्या मुळांना सोसत नाही. खाडीच्या मुखाशी गाळ साचला की खारबंधाऱ्याच्या उघाडीतून पाणी बाहेर पडत नाही आणि खारं पाणी आत राहतं. समुद्रात लांब बांध घातला की लाटांची दिशा बदलते; किनाऱ्यावर एका बाजूला वाळू साठते, दुसऱ्या बाजूला किनारा तुटतो. ही सर्व बांधकामांची सर्वसाधारण रीत आहे. वरोरला यातलं काय आणि किती होईल, ते काम पुढे जाईल तसं दिसेल. पण दिसेल कोणाला? ज्याने आधीचं लिहून ठेवलं असेल त्याला.

तेलदगडाच्या देशातली शिकवण

अमेरिकेत कोलोराडो नावाचं राज्य आहे. तिथल्या डोंगरात तेलदगड मिळतो. हा दगड तापवला की त्यातून खनिज तेलासारखा द्रव निघतो. पण टनभर दगडामागे तेल थोडं आणि राख-दगडाचा ढीग मोठा. पाणीही लागतं, आणि तो मुलूख पाण्याचा तुटवडा असलेला. जमीन बहुतेक सरकारी.

१९७३ मध्ये अरबांनी तेल बंद केल्यावर अमेरिकन सरकारने १९७४ मध्ये सरकारी जमिनीचे मोजके तुकडे कंपन्यांना प्रयोगासाठी भाड्याने दिले. भाडेपट्ट्यात अट होती की कामाला हात घालण्याआधी हवा, पाणी, झाडझाडोरा आणि जनावरं यांच्या मूळ स्थितीच्या नोंदी घ्यायच्या. झऱ्याला पाणी किती, हवेत धूळ किती, हरणं कुठून जातात, सगळं आधी मोजायचं. नंतर काही बिघडलं तर तुलनेला आधीचा आकडा हाताशी.

त्याच भागातली दुसरी गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी. २ मे १९८२ रोजी एक्झॉन कंपनीने शेजारच्या मोठ्या तेलदगड प्रकल्पातून अंग काढून घेतलं. तेलाचे भाव उतरले होते. एका दिवसात दोन हजारांवर माणसांची रोजी गेली. त्या दिवसाला तिथले लोक 'काळा रविवार' म्हणतात. मोठ्या प्रकल्पाबरोबर येणाऱ्या नोकरीवर भरवसा ठेवताना घरची वाडी मोडायची नाही, एवढं त्यातून शिकावं.

लांब कशाला जायचं? आपल्या शेजारी तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे. त्याच्या पुढच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. पुनर्वसनाचा वाद किती वर्षं चालला, हे त्या गावांच्या लोकांना विचारा.

चिकूचं दुखणं कोणामुळे?

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२१ मध्ये मानांकित घोलवड चिकू इंग्लंडला रवाना झाला. तरीही वाडीत गेलं की बागायतदार विचारतात, साहेब, पूर्वीइतकं फळ का नाही?

याला एकच एक उत्तर नाही. पावसाळ्यात सतत ओल राहिली की बुरशीने फळं काळी पडून गळतात. गेल्या वीसेक वर्षांत बी पोखरणाऱ्या अळीने जेरीस आणलं आहे. फळ वरून चांगलं दिसतं आणि पेटीत भोक पडतं. कळी पोखरणारी अळी वेगळी. जुन्या वाड्यांत झाडं दाटली आहेत. दहा बाय दहा मीटरवर एकरी चाळीस झाडं लावली, पण फांद्यांना फांद्या लागल्या तरी कोयता लावला नाही. ऊन आत जात नाही, ओल हटत नाही. खतात शेणखत कमी झालं. याच्या जोडीला हवेतली धूळ, राख, वायू.

आता यातलं किती कोणामुळे? सगळा दोष चिमणीला देता येत नाही आणि सगळा अळीलाही देता येत नाही. वाद झाला की बागायतदार म्हणतो धुराने गेलं, समोरचा म्हणतो बागेची निगा नाही म्हणून गेलं. दोघांकडेही आकडा नसेल तर जो बलवान त्याचं खरं ठरतं. तसं ठरू नये.

आणखी एक. चिकूला फुलापासून फळ उतरेपर्यंत आठ-नऊ महिने लागतात. आज फुलावर धूळ बसून धरणा कमी झाली तर पेट्या कमी भरतील त्या पुढच्या वर्षी. तोवर धूळ कोणत्या महिन्यात होती, हे कोणाच्या लक्षात राहणार? म्हणून स्मरणावर विसंबू नका.

वहीत काय लिहायचं?

दोनशे पानांची एक वही आणि एक पेन, एवढाच खर्च. त्यात पुढील गोष्टी लिहाव्यात.

१) झाडं. गट नंबर, प्रत्येक जातीची झाडं किती, वय काय. वाडीच्या चार कोपऱ्यांतली आणि मधली अशी पाच झाडं खूण करून ठेवा. दर महिन्याला त्याच पाच झाडांची स्थिती लिहा: फूल कसं, गळ किती, पानावर धूळ आहे की नाही. त्याच जागेवरून मोबाइलने फोटो काढा, तारीख राहते.

२) उत्पन्न. दर उताराला पेट्या किती, वजन किती, भाव काय. व्यापाऱ्याची पावती वहीत चिकटवा. गुलाबी कागदावरची ती चिठ्ठी आपण खिशात ठेवतो आणि धुण्यात जाते. नुकसानीच्या मोजमापात तीच पहिली विचारतात.

३) मजुरी. वाडीत बेडणीने चिकू उतरवायला येणाऱ्या वारली बांधवांचे दिवस नावानिशी लिहा. बाग गेली तर मालकाला मोबदला मिळेल. ज्यांची रोजी गेली त्यांच्या नावाचा कागद तुमच्या वहीतूनच निघू शकतो.

४) विहीर. एप्रिल-मे मध्ये एकदा आणि पावसानंतर नोव्हेंबरात एकदा पाण्याची पातळी मोजा. दोरीला दगड बांधून मोजली तरी चालेल. दोन्ही वेळा पाण्याचा नमुना तपासायला द्या. क्षारांचं प्रमाण विद्युत वाहकतेवर कळतं. साधारण ०.७५ पर्यंत पाणी बरं समजतात, ०.७५ ते २.२५ मध्ये जपून वापरावं लागतं. त्याच्यावर गेलं तर काळजीचं. किनाऱ्याच्या विहिरीला उन्हाळ्यात थोडा खारेपणा येतोच. म्हणून एकाच वर्षाच्या आकड्याला अर्थ नाही, तीन-चार वर्षांचे आकडे सलग हवेत.

५) माती. वर्षातून एकदा, खत घालण्यापूर्वी. बांधाजवळची, झाडाच्या बुंध्यालगतची, शेणखताच्या ढिगाखालची माती घेऊ नका. पाच-सहा ठिकाणची माती एकत्र करून, चार भाग पाडत, समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो ठेवा. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा आमच्या खात्यामार्फत तपासणी होते. पत्रिका जपून ठेवा.

६) पाणी तुंबणं. पावसात खाचरात किंवा वाडीत किती दिवस पाणी थांबलं, उघाडी चालू होती का, नाला कुठून कुठे वाहतो. गावाच्या नकाशावर नाल्यांच्या रेघा मारून ठेवा. रस्त्याच्या मोऱ्या कुठे हव्यात, हे तुमच्याइतकं इंजिनिअरला ठाऊक नसतं.

मच्छीमार बांधवांनी आपली वही वेगळी ठेवावी. होडी, जाळं कोणतं, कुठल्या खडकाजवळ, उधाण की भांग, मासळी कोणती आणि किती, डिझेल किती. सहकारी संस्थेच्या पावत्या सांभाळा. खडकावर कालवं काढणाऱ्या बायकांचीही नोंद हवी. त्यांच्याकडे परवाना नाही, पावती नाही. बचत गटाच्या वहीत दोन पानं त्यासाठी राखली तर त्यांचं कामही कागदावर येईल.

एकट्याची वही घरची राहते. दहा-वीस घरांनी एकाच नमुन्यात लिहिलं आणि दर वर्षी ग्रामसभेत वाचून ठरावाला जोडलं, तर तोच गावाचा दस्तऐवज होतो.

सात-बारा आधी नीट करा

रस्ता आणि रेल्वे यांच्या पट्ट्यात ज्यांची जमीन येते त्यांनी एक गोष्ट आजच करावी. सात-बाऱ्यावर झाडांची नोंद आहे का, ते बघा. आजोबांनी लावलेली शंभर झाडं वाडीत उभी आणि कागदावर 'गवत' किंवा 'भात', असे उतारे पाहण्यात येतात. राज्यात ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आहे. शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून नोंद करायची. फळझाडं, विहीर, पंप सगळं त्यात आणा. मोबाइल जमत नसेल तर घरातल्या पोराला बसवा, नाहीतर तलाठ्याकडे जा. वारस नोंद राहिली असेल तर ती पुरी करा. भाऊ-बहिणींचे वाद मोबदल्याच्या वेळी निघाले की पैसा कोर्टात अडकतो.

राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली भूसंपादनाची अधिसूचना निघाली की हरकत घ्यायला २१ दिवस असतात. वर्तमानपत्रातली ती बारीक अक्षरातली जाहिरात वाचत जा. संयुक्त मोजणीच्या दिवशी घरचं जाणतं माणूस बांधावर हजर पाहिजे. झाडं मोजताना सोबत मोजा, वय लिहिलं का बघा, विहीर-पाइपलाइन सुटली नाही ना, ते पाहा आणि पंचनाम्याची प्रत मागा. 'सही करा, नंतर बघू' असं कोणी म्हटलं तर आधी वाचा.

डहाणू आणि तलासरी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. पेसा कायदा १९९६ चा, राज्याचे नियम २०१४ चे. भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय करणं त्यात आलं आहे. ग्रामसभेला पंधरा माणसं आणि कोरमची सही नंतर घरोघर, असं चालू राहिलं तर हा कायदा कपाटात राहील.

अटींचा कागद मागा

२००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत दोन तरतुदी आहेत. त्या गावाने पाठ कराव्यात.

एक, पर्यावरण परवानगीची प्रत प्रकल्पवाल्याने ग्रामपंचायतीला द्यायची असते आणि ती तीस दिवस लोकांना पाहण्यासाठी लावायची असते. तुमच्या पंचायतीत ती कुठे आहे, ग्रामसेवकांना विचारा. इंग्रजीत असेल तर गावातल्या शिकलेल्या मुलांनी बसून अटी मराठीत उतरवून काढाव्यात. आपल्या शेतीशी, पाण्याशी, मासेमारीशी संबंध असलेल्या अटी वेगळ्या कराव्यात आणि शाळेच्या भिंतीवर लावाव्यात.

दोन, अटींचं काय झालं याचा अहवाल प्रकल्पवाल्याने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. तो लोकांसाठी खुला असतो. म्हणजे वर्षातून दोनदा आपल्याला पडताळणीची संधी आहे. कंपनी म्हणते रस्त्यावर पाणी मारतो. वही उघडा, फेब्रुवारीत पानांवर धूळ होती का? कंपनी म्हणते नाले मोकळे आहेत; वही बघा, जुलैत पाणी किती दिवस होतं? जुळलं तर उत्तम, चांगल्या कामाला चांगलं म्हणा. जुळलं नाही तर ग्रामसभेचा ठराव, सोबत तारखा, फोटो, पावत्या, तपासणीचे कागद जोडून जिल्हाधिकारी, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि प्राधिकरण यांच्याकडे अर्ज करा. पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे.

यामुळे सगळं ताबडतोब होईल, असं मी म्हणणार नाही. एफजीडीला अठरा वर्षं लागली, ते वर सांगितलंच. पण त्या अठरा वर्षांत डहाणूच्या बाजूने जे उभं राहिलं ते कागदाच्या जोरावर उभं राहिलं. अधिसूचना, नीरीचा अहवाल, परवानगीतली ती एक ओळ. नुसत्या संतापावर कोर्टाची एक तारीखही निभत नाही.

तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नसतो. भराव पुरा झाल्यावर, रस्त्यावर कंटेनर धावू लागल्यावर 'पूर्वी आमच्याकडे असं नव्हतं' म्हणून सांगायला गेलं तर ऐकणारा विचारेल, पूर्वी कसं होतं ते दाखवा. दाखवायला मूळ स्थितीचा आकडा लागतो आणि तो नोंदवण्याची वेळ निघून चालली आहे. काम जसजसं पुढे सरकेल तसतसं 'पूर्वी' पुसत जाईल.

तेव्हा येत्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर एक विषय घाला: गावाची नोंदवही. नमुना हवा असेल तर पंचायत समितीच्या कृषी विभागात या, किंवा आमच्या कृषी सहायकाला वाडीवर बोलवा. पाच झाडांवर खूण कशी करायची, मातीचा नमुना कसा घ्यायचा, ते तो समोर करून दाखवील. एका सकाळचं काम आहे.